ब्विंडीचं रान आणि मिलिंदचं घर

आमच्या ताडकळसच्या बाजारात अजूनही कुणी ना कुणी मला थांबवतं. परवा एका भाजीवालीनं पालक तोलता तोलता विचारलं, “बाई, तुमी आफ्रिकेत माकडं बघायला गेल्ता म्हणं?”

“गोरिला,” मी म्हटलं.

“म्हंजी माकडंच की. त्याच्यासाठी इतक्या लांब कामून जायचं? आमच्या तुरीत या. टोळीच्या टोळी यायलीय रोज. पायजे तितकी बघा.”

आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन पालक निवडताना वाटलं, हिला काय सांगायचं ते आपल्याला बाजारात उभ्या उभ्या सांगता येणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी शोभा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते, गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. आई गेली तेव्हा माझा भाऊ मिलिंद नुकता चालायला लागला होता. दादा, म्हणजे आमचे वडील, दुसऱ्याच्या रानात राबायचे, त्यामुळे मिलिंदला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत सोडणं सगळं माझ्याकडे आलं. माझ्या लग्नाचं आधी लांबलं, मग राहूनच गेलं. पुढे दादाही गेले. मिलिंद औषधशास्त्र शिकला, युगांडात कंपालाला एका औषधाच्या कंपनीत लागला आणि तिथलाच झाला. तिथल्याच ग्रेस नावाच्या नर्सशी त्यानं लग्न केलं. त्यांना माया नावाची मुलगी आहे. या दोघींना मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

निवृत्त झाले तशी आमच्या भीमनगरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. “आता भावाकडंच जाऊन राहा, अक्का. इथं एकटीनं काय करता?” मी “बघू की” म्हणायचे. मिलिंदनं महिन्याभरासाठी बोलावलं होतं. पण मी बॅग भरली ती उन्हाळ्याचे आणि थंडीचे, दोन्ही कपडे घालून. महिन्याभरासाठी जाणारी बाई इतकं काही नेत नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. बॅग उचलणाऱ्या रिक्षावाल्यानं मात्र विचारलंच, “बाई, घर उठवून चालल्या का काय?”

कंपाला

विमानतळावर मिलिंदनं वाकून पायाला हात लावला तेव्हा त्याच्या डोक्यावर मधोमध विरळ झालेले केस दिसले. ग्रेसनं मला मिठी मारली. उंच, ठसठशीत बाई, हसली की सगळा चेहरा हसतो. माया तिच्या मागे लपून माझ्याकडे बघत होती. मिलिंद तिला म्हणाला, “आत्या म्हण.” ती म्हणाली, “आट्या.”

कंपाला टेकड्यांवर वसलेलं आहे. लाल माती, हिरवीगार झाडी, आणि रस्त्यातून मुंग्यांसारख्या धावणाऱ्या भाड्याच्या मोटारसायकली. कचऱ्याच्या ढिगांवर माणसाच्या छातीइतके उंच टकले करकोचे उभे असतात, एखाद्या कार्यालयातले रागीट साहेब असावेत तसे. कोपऱ्यावरच्या टपरीत चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून देतात, तिला म्हणतात रोलेक्स. चपातीला तिथं चपातीच म्हणतात. ते ऐकून मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी मी त्या टपरीवाल्याशी मराठीतच बोलले.

मग दिवस सुरू झाले. सकाळी दोघं कामावर जायची, माया शाळेत. मी उंच भिंतीच्या आतल्या त्या घरात बसून राहायची. घरकामाला येणारी मुलगी इतकी झटपट आवरायची की मला भांडंही विसळायला उरायचं नाही. संध्याकाळी मिलिंद यायचा, “जेवलीस का अक्का?” म्हणायचा आणि त्याचा फोन वाजायचा. फोनवर तो इंग्रजी बोलायचा, लुगांडा बोलायचा, मोठ्यानं हसायचा. माझ्याशी बोलताना मात्र एखादा शब्द शोधत थांबायचा. मी तो शब्द पुरवायची. इतकाच काय तो आमचा संवाद.

एकदा जेवताना तो म्हणाला, “अक्का, तुला गोरिला दाखवतो. तू आमाला शिकवायचीस ना, पुस्तकात एक चित्र होतं. आपण दोघंच जाऊ. परवाने काढलेत मी.”

“दोघंच” हा शब्द मी त्या रात्री वर माझ्या खोलीत नेला आणि उशीशी ठेवून झोपले.

काबाले

ब्विंडीचं जंगल देशाच्या नैऋत्य टोकाला आहे. वाटेत काबालेजवळ ग्रेसचं माहेर. म्हणून जंगलात जाताना ग्रेस आणि माया तिथपर्यंत आमच्याबरोबर आल्या. दिवसभराचा प्रवास होता. संध्याकाळी डोंगर सुरू झाले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्यांची शेती. आमच्या गोदाकाठची काळी, सपाट जमीन पाहिलेल्या डोळ्यांना ही शेतं भिंतीवर टांगल्यासारखी वाटली. आणि थंडी! परभणीच्या उन्हात भाजून निघालेली मी स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडत होते.

गाडी थांबताच माया “काका, काका” म्हणत धावली. मी पाहत राहिले, तर दारात एक म्हातारी बाई. त्यांच्या भाषेत आजीला काका म्हणतात. ग्रेसची आई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. कंबरेला कापड गुंडाळलेलं, डोक्याला रुमाल. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. ग्रेसनं भाषांतर केलं, “म्हणते, तुझे हात गार आहेत.” इतक्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच भाषांतर कसं झालं, कोण जाणे.

तिनं आम्हाला भोपळ्याच्या वाळल्या खोळीतून पेय दिलं. घोट घेतला आणि थबकले. आंबील! थोडी घट्ट, थोडी जास्त आंबट, पण आंबीलच. मी मिलिंदकडे पाहिलं. तो हसला. “ज्वारीचीच हाय, अक्का. इथं डोंगरावर ज्वारी पिकते. याला ओबुशेरा म्हणत्यात. मी पहिल्यांदा पिलो तवा मला रडूच आलं होतं.”

हे त्यानं मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला एक जागा दाखवायला घेऊन गेला. बुन्योनी नावाचं मोठं तळं आहे, डोंगरांच्या मधोमध वळत वळत पसरलेलं, आणि पाण्यात लहान लहान बेटं. त्या तळ्यावरच्या उतारावर मिलिंद घर बांधत होता. पाया भरून झाला होता, विटा रचून ठेवल्या होत्या. म्हातारी, ग्रेस, माया, सगळीच आली होती. मिलिंद पायावरून फिरून हाताने खोल्या दाखवायला लागला. मी इतक्या वर्षांत त्याला असं आनंदात पाहिलं नव्हतं.

“ही आमची खोली. इकडं मायाची, तिला तळं दिसलं पायजे म्हणून. ही ग्रेसच्या आईची, उन्हाच्या बाजूची, तिचे गुडघे दुखतेत. हे स्वयंपाकघर. आणि हा हॉल, लय मोठा ठेवलाय. कुणी पाहुणं आलं तर इथं आरामात झोपंल.”

मी पायाच्या काठावर उभी होते. वाट बघत होते. तो पुढे पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागला.

“चांगलं हाय,” मी म्हटलं. “हवा लय चांगली हाय.”

खाली तळ्यात एक माणूस एकाच लाकडाची कोरलेली होडी वल्हवत चालला होता. मी तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मागे वळले तेव्हा म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिनं नजर हटवली नाही. मीच हटवली.

ब्विंडी

त्याच दुपारी मी आणि मिलिंद पुढे जंगलाजवळच्या मुक्कामाला गेलो. वाटेत तो दोनदा खोकला. मी म्हटलं, “शाल घे.” तो म्हणाला, “धूळ हाय गं.” सकाळी उठला तेव्हा आवाज बसलेला होता.

जंगलाच्या ठाण्यावर आम्ही पहाटेच पोहोचलो. मी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती. पायमोजे पँटवर ओढून घ्यायचे, कारण तिथल्या मुंग्या आत शिरतात. आमच्या गटात एक परदेशी जोडपं आणि आपल्या दोन मोठ्या मुलांसह आलेले आईवडील होते. हिरव्या गणवेशातला वनरक्षक आम्हाला नियम सांगू लागला. गोरिलांपासून ठराविक अंतरावर राहायचं. तोंडाला मास्क लावायचा. त्यांच्यासमोर खायचं नाही, ओरडायचं नाही. एक तास झाला की परत फिरायचं. आणि कुणाला सर्दी, खोकला, ताप असेल तर आत्ताच सांगायचं, कारण आपली साधी सर्दी गोरिलाच्या सगळ्या कुटुंबाला संपवू शकते.

मिलिंदनं तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. तो श्वासही जपून घेत होता, मला कळत होतं. लहानपणी खोकला लपवून पावसात खेळायला पळायचा तेव्हा असाच दिसायचा. मग त्याला उबळ आलीच.

वनरक्षक शांतपणे त्याच्याजवळ आला. मिलिंद म्हणाला धूळ आहे, ॲलर्जी आहे, मी औषधाच्या कंपनीतच काम करतो. वनरक्षकानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “सॉरी सर.”

मिलिंद माझ्याकडे वळला. “तू जा, अक्का.”

“मी एकटी?”

“एकटी कुठं? इतकी माणसं हायेत की.”

“नको. आपण परत जाऊ. तुला काढा करून देते.”

“अक्का, जा. माझ्यासाठी जा. मला येऊन सांग कसं असतंय ते.” त्यानं आपला रेनकोट काढून माझ्या अंगावर घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. त्याच्या लहानपणी मी त्याची बटणं लावायची, ते आठवलं. मग तो गाडीकडे गेला आणि दार उघडून आत बसला. आम्ही झाडीत शिरेपर्यंत काचेआड तो दिसत होता.

सामान वाहायला आणि हात द्यायला गावातली माणसं बरोबर येतात. माझ्याबरोबर पीस नावाची एक बाई आली. चाळिशीची, रबरी बूट घातलेली, कमी बोलणारी. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मलाही थोडंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

वाटेचा पहिला अर्धा भाग चहाच्या मळ्यांतून गेला आणि मग जंगल सुरू झालं. हे रान आपल्याकडच्यासारखं नाही. आपल्या रानात दोन झाडांमधून आकाश दिसतं, जमीन दिसते. इथे जमीनच नाही. वेलींवर वेली, त्यांवर पालापाचोळा, आणि आपण त्याच्यावरून चालतोय. पाय टाकला की कधी गुडघ्यापर्यंत आत जायचा. पुढे एक जण कोयत्याने वाट कापत होता. मधेच हाताला काहीतरी चाटून गेलं आणि आग उठली. खाजकुयलीसारखीच, पण तिच्या थोरल्या बहिणीसारखी. पीसनं मला हात चोळू दिला नाही. ती नुसती “स्लो, ममा, स्लो” म्हणत राहिली.

एका उतारावर माझा पाय घसरला आणि मी बसल्या बसल्या बरीच खाली गेले. चिखलात एक बूट रुतून बसला आणि पाय तेवढा बाहेर आला. परदेशी मंडळी वरून “आर यू ओके?” असं ओरडली. मी हात वर केला. पीस माझ्यामागे तशीच बसून घसरत आली, बूट उपसला, माझा पाय मांडीवर घेऊन तो घातला आणि नाडी बांधली. माझ्या पायात कुणी बूट घातल्याचं मला आठवत नाही. मी तिला “वेबाले” म्हटलं. म्हातारीकडून शिकलेला हा एकच शब्द होता. त्याचा अर्थ धन्यवाद. ती खो खो हसली, बहुधा माझ्या उच्चाराला.

दम खायला थांबलो की सगळे फोटो काढायचे. जोडप्याचे, आईवडिलांचे, मुलांचे. कुणीतरी एक बाहेर राहून फोन धरायला हवा असतो. ते काम आपोआप माझ्याकडे आलं. “थँक यू सो मच” म्हणून प्रत्येकजण आपापला फोन घेऊन जायचा. माझा फोन माझ्या खिशातच राहिला.

पुढे गेलेल्या वाटाड्यांचा निरोप आला. गोरिला जवळ आहेत. इथे काठ्या ठेवायच्या, पिशव्या ठेवायच्या, आणि मदतीला आलेल्या माणसांनीही इथेच थांबायचं. पीस एका ओंडक्यावर बसली. मास्क लावून मी पुढे निघाले, तेव्हा खरंच एकटी होते.

आधी वास आला. घामाचा, धुराचा, थोडासा आंबट. मग फांद्या मोडल्याचा आवाज. वनरक्षकानं घशातून खोल “म्म्‌-हम्म” असा आवाज काढला, आणि झाडीतून तसंच उत्तर आलं. जेवताना दादा भाकरीचा घास घेऊन समाधानानं हुंकार द्यायचे, अगदी तसं.

वेलींचा पडदा बाजूला झाला आणि तो बसलेला दिसला. पुस्तकातलं चित्र मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवलं होतं. त्या चित्रात आकार कळत नाही. डोकं एखाद्या मोठ्या हंड्याएवढं, खांदे दाराएवढे रुंद, आणि पाठीवर करड्या-रुपेरी केसांचा पट्टा, त्याच्यावर पावसाचे थेंब. तो एक देठ सोलून खात होता. इतक्या निगुतीनं, साल वेगळी, गर वेगळा, की आपण हुरडा पार्टीला आल्यासारखं वाटावं. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं. तपकिरी, थकलेले डोळे. मग पुन्हा देठाकडे वळला. आमची त्याला काही पडलेली नव्हती.

हळूहळू बाकीचे दिसू लागले. दोन माद्या पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. एक मादी उताणी पडली होती आणि तिच्या पोटावर मुठीएवढं डोकं असलेलं पिल्लू झोपलं होतं. दोन मोठी पिल्लं कुस्ती खेळत, एकमेकांचे पाय ओढत खाली गडगडत होती. त्यातलं एक माझ्या दिशेनं आलं. अगदी जवळ. वनरक्षकानं मला मागे व्हायची खूण केली. मी मागे सरकले, पिल्लू पुढे आलं, मी आणखी मागे सरकले. तेवढ्यात एक मादी उठली, माझ्याकडे न बघता पिल्लाचा दंड धरला आणि त्याला ओढत नेलं. आमच्या शाळेच्या फाटकावरून आया आपल्या पोरांना न्यायच्या, तसंच.

मला हसू आलं. मास्कच्या आत कुणाला दिसत नाही, हे बरं असतं.

थोडं वर, सगळ्यांपासून दूर, एक तरणा नर पाठ करून बसला होता. त्याची पाठ अजून काळी होती. तो खात नव्हता, खेळत नव्हता. मी वनरक्षकाला हळूच विचारलं, “तो असा का बसलाय?”

वनरक्षक कुजबुजला, “त्याची आई तो लहान असताना मेली. तेव्हा या म्हाताऱ्यानं त्याला सांभाळलं. रात्री आपल्याशेजारी झोपू द्यायचा. आता तो वयात आलाय. काही दिवसांनी निघून जाईल.”

“कुठे?”

“जंगलात. काही वर्षं एकटा फिरेल. मग कुणी मादी भेटली तर त्याचं स्वतःचं कुटुंब होईल.”

“आणि नाही भेटली तर?”

“मग एकटाच.”

मी विचारावं की नको असा विचार करत थांबले आणि विचारलंच. “म्हातारा त्याला शोधायला जातो का?”

वनरक्षक माझ्याकडे बघून समजुतीनं हसला. “नाही, मॅडम.”

आता हे वाचताना कुणालाही वाटेल की त्या म्हाताऱ्यात मी स्वतःला पाहिलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण त्या वेळी मी बघत होते त्या तरण्या नराकडे, त्याच्या पाठीकडे, आणि मला दिसत होता मिलिंद. विशी ओलांडलेला, पहिल्यांदा घर सोडून इतक्या लांब आलेला. दर रविवारी फोनवर “मजेत हाय, अक्का” म्हणणारा. तो मजेत आहे हे मी किती लवकर मानून टाकलं होतं! तो सोडून गेल्यावर घर किती रिकामं झालं, हे मला माहीत होतं. तो कुठल्या खोलीत, कुणाशी न बोलता बसत होता, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मग म्हातारा उठला. चार पायांवर उभा राहिला तसं सगळं झाडच हलल्यासारखं झालं. माद्या उठल्या, पिल्लं आयांच्या पाठीवर चढली, सगळे एकामागोमाग झाडीत उतरू लागले. म्हातारा मात्र वाटेवर थांबला. सगळ्यात मागून एक मादी लंगडत येत होती. तिला एक पंजा नव्हता. हरणासाठी लावलेल्या फासात तो गेला, असं वनरक्षक म्हणाला. ती पुढे निघून जाईपर्यंत म्हातारा थांबून राहिला. मग तिच्यामागे तोही दिसेनासा झाला.

तरणा नर तिथेच होता. त्यानं फक्त एकदा मान वळवून ते गेले त्या दिशेला पाहिलं.

“टाइम,” वनरक्षक म्हणाला. आम्ही परत फिरलो. वर गेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर पानांशिवाय काही दिसलं नाही.

परत

मिलिंद ठाण्यावर गाडीबाहेर उभा होता, गळ्याला मफलर गुंडाळून. मी चिखलानं अशी माखले होते की त्यानं आधी मला ओळखलंच नाही. मग पळत आला.

“दिसले का?”

“दिसले.”

“कसे हायेत?”

“आपल्यासारखेच,” मी म्हटलं. मग गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. त्या तरण्या नराचंही सांगितलं. मिलिंद गाडी चालवत होता.

मी विचारलं, “पहिल्या वर्षी कसा राहिलास रे इथं?”

“राहिलो की.”

“मिलिंद.”

त्यानं गाडी हळू केली. “कामावरून आलो की दार लावून मोठ्यानं मराठी बोलायचो. तुझी नक्कल करायचो. ‘मिल्या, हात धुतले का? मिल्या, पाढे म्हण.’ मग मीच पाढे म्हणायचो.” तो हसला आणि खोकला. “शेजारच्यांना वाटायचं, ह्याच्या घरी बायको हाय.”

“मला सांगितलं न्हाईस कधी.”

“सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, परत ये. आणि मी आलो असतो.”

बाहेर धुकं उतरत होतं. रस्त्याच्या कडेनं बाया डोक्यावर लाकडं घेऊन चालल्या होत्या. मला वाटलं, आता तो विचारेल. त्यानं विचारलं नाही. उलट म्हणाला, “तुझं बरं हाय, अक्का. तुझं गाव हाय. तुला परभणीला दोन दिवस करमत न्हाई, तू कुठं राहणार बाहेर?” हे तो इतक्या खात्रीनं बोलला, की त्यात काही टाळणं नव्हतं. त्याच्या मनात ही गोष्ट कधी आलीच नव्हती, एवढंच. मी “हो” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काबालेहून कंपालाला निघताना म्हातारीनं पुन्हा माझे हात धरले. ती बोलायला लागली. थांबत थांबत, मिलिंदकडे एकदा बघून, पुन्हा माझ्याकडे. ग्रेस ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं.

“काय म्हणते?” मी विचारलं.

ग्रेस इंग्रजीत म्हणाली, “म्हणते, नव्या घरातल्या माझ्या खोलीत दोन खाटा मावतात. तुझ्यासाठी एक ठेवते.”

माया गाडीच्या टायरला काडीनं टोचत होती. मिलिंद माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी आत्ताच विमानातून उतरले होते. मला जे बोलायचं होतं त्यासाठी त्या भाषेत माझ्याकडे शब्द नव्हता. मी “वेबाले” म्हटलं. पुन्हा म्हटलं. म्हातारीनं मान हलवली आणि माझी शाल नीट केली.

गाडी डोंगर उतरून गेल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, “अक्का, मला सुचलंच न्हाई गं.”

“माहीत हाय,” मी म्हटलं.

“राहशील का?”

“घर तर होऊ दे आधी.”

महिना संपल्यावर मी परत आले. बॅगेतले थंडीचे कपडे धुऊन, वाळवून ठेवले. घर अजून व्हायचं आहे. तिकडे पाऊस थांबेना, विटांचं काम अडलं, असं मिलिंद सांगतो. गल्लीतल्या बायका विचारतात, “राहिल्या न्हाईत का?” मी काहीतरी सांगते. खरं काय होईल ते मलाही माहीत नाही. माझ्या वयाच्या बाईला तळ्याकाठी थंडीत करमेल का, इथली माणसं सुटतील का, काही सांगता येत नाही. आणि इथे तरी करमतं कुठे?

रविवारी मिलिंदचा फोन येतो. तो काबालेला गेलेला असला की फोन म्हातारीच्या हातात देतो. सुरुवातीला आम्ही दोघी नुसतं हसायचो. आता ती तिचा फोन कुठेतरी टेकवून ठेवते, मी माझा डब्याला टेकवते. ती घेवड्याच्या शेंगा सोलते. मी सुपात ज्वारी निवडते. मधेच ती काही बोलते, मधेच मी बोलते, ज्याचं त्याला कळतं. एकदा तिनं घेवड्याची शेंग पडद्यासमोर धरून किडकी आहे असं दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. मला खूप हसू आलं.

मग रेंज जाते. तिचा हात मधेच थांबतो, शेंगेसकट, आणि पडदा काळा होतो. काळ्या काचेत माझाच चेहरा दिसतो. मी फोन लगेच उचलत नाही. सूप मांडीवर घेऊन तशीच ज्वारी निवडत बसते. तिकडे तीही बसली असेल.